शायलची दाढ

बिसेसरची धाकटी लेक शकुन लग्न होऊन ब्रिस्बेनला गेली, त्या वर्षाची ही गोष्ट. मे महिन्यात लग्न झालं, जून सरता सरता फिजीतल्या लंबासाच्या साखर कारखान्याचा भोंगा वाजला आणि ऊसतोडणी सुरू झाली. घरातलं एक माणूस कमी झालं होतं. ते माणूस किती कामाचं होतं, हे तोडणी लागल्यावर कळलं.

बिसेसरचा मुलगा सतेन आणि सून सरोज दोघंही टोळीत ऊस तोडत. पहाटे कोयते घेऊन निघायचे ते दिवस कलताना परत. मागे घर शकुनच्या हातात असे. सतेनची मुलगी शायल नऊ वर्षांची. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, वेण्या घालणं, डबा देणं, सगळं या फुआनंच, म्हणजे आत्यानंच करायचं. फुआ भाचीला पाण्याच्या टाकीपाशी उभं करून दात घासायला लावी, स्वतःही घासे, आणि मग कोणाची चूळ लांब जाते यावर दोघींची पैज लागे. शकुन गेली आणि ते बंद पडलं. मुद्दाम कोणी बंद केलं नाही. आजी फुलमतीचे गुडघे गेलेले, तिला टाकीपर्यंत जाणंही जिवावर येई. ती सकाळी नातीच्या हातात काळ्या चहाचा मोठा मग द्यायची, चार चमचे साखर घातलेला, सोबत बिस्किटं नाहीतर कालची रोटी, आणि म्हणायची, "पळ, उशीर होईल." साखरेचा त्या घरात कधी तोटा नव्हता. कशाला असेल? चारी बाजूंनी ऊसच होता.

वाइदामू वस्तीतली सगळीच पोरं तशी. शाळेच्या वाटेला दुतर्फा ऊस. जाताना एक कांडं, येताना एक कांडं. दातांनी सोलायचं, चघळायचं, चोथा थुंकायचा. सात-आठ वर्षांच्या पोरांचे पुढचे दात जळलेल्या खुंटांसारखे काळे दिसत. शाळेत फोटो काढणारा आला की म्हणायचा, "हसा रे!" आणि अख्खा वर्ग ओठ मिटून हसायचा. त्यांना तसं कोणी शिकवलं नव्हतं. खुद्द बिसेसरच्या तोंडात वरचे चार आणि खालचे सहा उरले होते, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. कसाव्याचा कंद उकडून मऊ केला की दात लागतात कुठं, असं तो म्हणायचा.

बिसेसर टोळीचा सरदार होता. एक-दोन वर्षं नव्हे, सलग एकवीस वर्षं. दर वर्षी टोळी बसून सरदार निवडते आणि दर वर्षी लोक त्याचंच नाव घेत, कारण तो पाळीत फिरवाफिरव करत नसे. चौदा घरांची चौदा शेतं, सगळ्यांनी मिळून एकेक शेत तोडायचं. ज्याच्या शेतात तोडणी, त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण. कोणाचं शेत कधी, ते सरदार ठरवणार. आणि बिसेसरचा एक नियम होता. तोडणीच्या दिवशी ज्याच्या घरचं माणूस गैरहजर, त्याची पाळी शेवटी. शेवटी म्हणजे नोव्हेंबरात. तोवर पाऊस लागतो, ट्रक चिखलात रुततो, कारखाना बंद व्हायला येतो, आणि ऊस उभाच्या उभा राहतो. म्हणून कोणी गैरहजर राहत नसे. ताप असला तरी येऊन बांधावर बसत.

जुलैत शाळेत दातांची गाडी यायची होती. पांढरी गाडी, आत टेकून बसायची खुर्ची, दोन नर्स. गेल्या वर्षी ती आली तेव्हा एका दिवसात एकतीस दात निघाले होते. पोरं तोंडात कापूस आणि सदऱ्यावर रक्त घेऊन घरी आली आणि वस्तीत बायकांनी शिव्यांचा पाऊस पाडला. त्यामुळे या वर्षी सहीसाठी घरोघर कागद आले, त्यातल्या निम्म्या कागदांनी चुली पेटल्या. बिसेसरच्या घरचा कागद शायलनंच त्याला वाचून दाखवला.

"आजा, लिहिलंय की दात बघणार."

"बघणार की उपटणार?"

"लागलं तर उपटणार पण."

"मग? जाणार का तू?"

"नाही!"

"मग नको जाऊ. मी कुठं तुला बांधून नेतोय."

गाडी आली त्या दिवशी टोळी शाळेमागच्याच फडात होती. टेकडीवर गाडीचं पांढरं टप दिसलं मात्र, आणि वीसेक पोरं कुंपणाखालून सरपटत उसात शिरली. माना खाली घालून सऱ्यांमधून पळत गेली, त्यात शायलच्या लाल फितीच्या दोन वेण्याही होत्या. टोळीतली माणसं पोट धरून हसली. थोड्या वेळानं लितिआ मॅडम छत्री घेऊन बांधावर आल्या.

"सरदार, माझी पोरं बघितली का?"

"पोरं? नाही, मॅडम. मुंगसं गेली मघाशी. वीसेक असतील."

"मुंगसं?"

"हो. गणवेश घातलेली."

पुन्हा हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हसून घ्या. ही गाडी आता वर्षभर येत नाही. आज त्या खुर्चीत जो दात बसणार नाही, त्याला शहरातल्या दवाखान्यात जाऊन बसावं लागेल. तिथं सकाळी पहिली वीस माणसं घेतात. तुमच्यापैकी कोण जाणार सहा वाजता रांगेत उभा राहायला? तुम्ही?"

"दुधाचे दात आहेत, मॅडम. पडतील आपोआप."

"सगळे दुधाचे नसतात, सरदार," एवढं बोलून त्या उसाच्या कडेनं हाका मारत गेल्या. कोणी ओ दिली नाही.

ऑगस्टच्या मध्यावर विलिसोनीनं सुट्टी मागितली. विलिसोनी टोळीतला सगळ्यात वेगवान तोडणारा. नदीकाठी त्याचं छोटं शेत होतं. जातीचा फिजियन, पण हिंदी बोलायचा आपल्या लोकांसारखीच, आणि शिव्या तर इतक्या चोख द्यायचा की म्हातारे त्याच्याकडून ऐकून घ्यायचे. जेवणाच्या वेळी ताट खाली ठेवून तो म्हणाला, "सरदार, उद्या मला सोडा. माझ्या तोमासीची दाढ दुखतेय. दोन रात्री तो झोपला नाही, म्हणजे मीही झोपलो नाही."

"किती वर्षांचा झाला तोमासी?"

"आठ."

"मग दुधाचीच आहे. दोरा बांध आणि दार आपट."

"मागची दाढ आहे. दोरा बांधायला बोट जात नाही."

"हे बघ विलिसोनी," बिसेसर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज दाढेसाठी माणूस सोडला, तर उद्या कोणी पोराला शेंबूड आला म्हणून जाईल. नियम तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी विलिसोनी आला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी फडात हजर. बिसेसरनं तोडणी थांबवली, माणसं गोळा केली आणि सांगितलं, "विलिसोनीचं शेत शेवटी."

"बरं," विलिसोनी म्हणाला.

"पाऊस आला तर माझ्या नावानं बोंबलायचं नाही."

"नाही बोंबलणार. ऊस राहिला तर राहिला, सरदार. तो रडत नाही. पोरगं काल पोटभर जेवलं आणि बैलासारखं घोरलं." एवढं बोलून त्यानं कोयता उचलला. बिसेसरला त्याचा राग आला, कारण विलिसोनी चिडला नव्हता.

त्यानंतर दहा दिवसांनी शायलची दाढ दुखायला लागली.

खालची, डावीकडची, सगळ्यात मागची. आधी ती एका बाजूनं खायला लागली. मग खाईनाशी झाली. फुलमतीनं लवंग ठेचून दाढेत भरली, मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या. पोर चटईवर पालथी पडून कपाळ जमिनीवर आपटत राहायची. सरोज पहाटे कोयता घेऊन निघाली आणि उंबऱ्यातून परत फिरली.

"बाबूजी, हिला दवाखान्यात न्यायला हवं."

"कोण नेणार?"

"मी नेते. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एक दिवस गेला की आपली पाळी गेली. विलिसोनीला मी काय सांगितलं ते चौदा घरांनी ऐकलंय. आता माझ्याच घरचं माणूस त्याच कारणासाठी सोडू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"मग तुम्ही न्या. तुम्ही कुठं तोडताय?"

"ट्रकपाशी ऊस भरून घ्यायला कोण उभं राहणार?"

ट्रकपाशी कोणीही उभं राहू शकलं असतं. हे बिसेसरच्या मनात आलंही. पण एकवीस वर्षांत एकही सकाळ त्यानं ट्रक सोडला नव्हता, आणि टोळीपुढे जाऊन "नातीची दाढ दुखते, मी निघालो," असं म्हणताना विलिसोनीचा चेहरा कसा होईल, ते त्याला दिसलं. सतेन दारात उभा होता. बापासमोर तो बोलत नसे. त्यानं फक्त बायकोच्या खांद्यावरची पाण्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि चालू लागला.

त्या दुपारी तोडणी संपल्यावर माणसं नेहमीप्रमाणे बिसेसरच्या आंब्याखाली यांगोना प्यायला बसली. मुळ्यांची भुकटी पाण्यात कालवलेलं ते गढूळ पाणी नारळाच्या करवंटीतून प्यायचं. ओठ, जीभ, सगळं बधिर होतं. दुसरी करवंटी तोंडाला लावताना बिसेसरच्या डोक्यात ते आलं. त्यानं नातीला हाक मारली.

"शायल, इकडं ये. हे तोंडात धर. गिळायचं नाही. डाव्या गालात ठेव आणि मनात शंभरपर्यंत मोज."

पोरीनं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. गाल फुगवून ती उभी राहिली. थोड्या वेळानं तिचे डोळे मोठे झाले. तिनं थुंकून टाकलं आणि गालावर बोटं फिरवून बघितली.

"आजा, माझा गाल हरवला!"

आंब्याखाली सगळे खो खो हसले. ती पण हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. रात्री ती झोपली, आणि बिसेसरही झोपला. सकाळी त्यानं एका छोट्या बाटलीत यांगोना भरून तिच्या दप्तरात ठेवली. वर्गात दुखलं की बाहेर जायचं, घोट धरायचा, थुंकायचं, परत येऊन बसायचं. असे आठ दिवस गेले. आणि नवव्या दिवशी शायल म्हणाली, "आजा, आज बाटली नको. दुखतच नाही."

खरंच दुखत नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं त्याच बाजूनं उसाचं कांडं सोललं. बिसेसरनं सुनेला मुद्दाम बोलावून दाखवलं, "बघ. दवाखाना, दवाखाना करत होतीस." त्या दिवशी सरोज फडातून आल्यावर पहिल्यांदा चहा घेऊन निवांत बसली.

दुसऱ्या दिवशी फडात बिसेसरला राहवलं नाही. चौदा घरांची माणसं पाचटावर बसून रोटी खात होती. तो विलिसोनीला म्हणाला, "तुझ्या पोराची दाढ दवाखान्याच्या बादलीत. माझ्या नातीची तिच्या तोंडात. आणि माझी पाळी जागच्या जागी."

"थांबलं दुखायचं?"

"पार थांबलं."

विलिसोनीनं घास खाली ठेवला. "सरदार, राग मानू नका. त्या नर्सनं मला सांगितलं होतं. दुखतंय तोवर दाढ जिवंत आहे, म्हणाली. एकाएकी थांबलं तर जास्त घाबरा. आतली नस मरते, मग दाढ ओरडत नाही, पण कीड खाली जातच राहते."

"त्या नर्सला पाठव माझ्या आंब्याखाली. तिलाही एक करवंटी देतो. फार बोलते वाटतं."

लोक हसले. सरोज थोड्या अंतरावर कोयत्याला धार लावत होती. तिचा हात थांबला. तिनं सासऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा कानस चालवायला लागली.

पंधरा सप्टेंबरला, शनिवारी, शायलच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ दिसली. रविवारी सकाळी गाल इतका सुजला होता की डावा डोळा अर्धा मिटला होता, आणि अंग तापलेलं. नेमकी सोमवारी आणि मंगळवारी बिसेसरच्या शेताची पाळी होती. रविवारी दुपारी शेत पेटवायचं, म्हणजे पाचट जळून जातं आणि तोडणं सोपं होतं. पण जळका ऊस थांबत नाही, दोन-तीन दिवसांत कारखान्यात गेला नाही तर वाया जातो.

सरोज शायलचे कपडे, टॉवेल, पाण्याची बाटली पिशवीत भरत होती. बिसेसर आत आला.

"कुठं?"

"दवाखान्यात."

"रविवारी दातांचं बंद असतं."

"मोठा दवाखाना तर उघडा असतो."

"आणि जाऊन काय करणार? सुजेत दात काढत नाहीत. कोणालाही विचार. सूज उतरेपर्यंत हातसुद्धा लावत नाहीत ते. गोळ्या देऊन परत पाठवतील."

फुलमतीनं चुलीपाशी बसल्याबसल्या मान डोलावली. वस्तीत सगळ्यांनाच हे माहीत होतं. सूज असताना दात काढला तर विष डोक्यात चढतं, असं म्हणत. तिनं मीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधलं होतं आणि ती नातीचा गाल शेकत होती.

"दोन दिवस," बिसेसर म्हणाला. "मंगळवारी शेवटचा ट्रक भरला की मी स्वतः हिला घेऊन जातो. तोवर शेकून सूजही उतरेल."

"मग आज शेत पेटवू नका. पाळी पुढं ढकला."

"कोणाच्या पाळीत ढकलू? ट्रक ठरलेत, माणसं ठरलीत."

"बाबूजी, तुमच्या पाया पडते."

"दोन दिवस, सरोज. दोन दिवसांनी काय होतंय!"

पोरगी चटईवरून एका डोळ्यानं दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. ती म्हणाली, "आई, दुखत नाही गं. फक्त जड वाटतं." त्यावर सरोज खाली बसली. चार वाजता बिसेसरनं वाऱ्याची दिशा बघितली आणि शेत पेटवलं.

सोमवारी पहाटे टोळी त्याच्या शेतात उतरली. सरोज अशी तोडत होती की बाजूच्या सरीतली माणसं मागं पडली. फुलमती घरी सगळ्यांची डाळ-भाताची पातेली सांभाळत होती. नऊच्या सुमाराला ती चहा घेऊन नातीकडे गेली. चहा आत गेला नाही. हनुवटीवरून ओघळून खाली आला. शायल भिंतीला टेकून बसली होती, आडवी होईना. जीभ वर उचललेली, लाळ गळत होती, आणि बोलली तर तोंडात रोटीचा मोठा घास असल्यासारखा आवाज येत होता. गळा हनुवटीपासून छातीपर्यंत सुजून सरळ झाला होता.

फुलमती दोन वर्षांत अंगणाबाहेर गेली नव्हती. ती जळक्या शेतातून, काळ्या राखेतून, हातात काठी घेऊन येताना दिसली तेव्हा एकेक करून सगळे कोयते थांबले. बिसेसर ट्रकपाशी उभा होता.

"पाणी जात नाही तिला," ती धापा टाकत म्हणाली. "श्वास वाजतोय. शिट्टीसारखा."

सरोजनं कोयता फेकला आणि ती घराकडे धावत सुटली. सतेन तिच्या मागं. विलिसोनी जागचा हलला नाही. तो बिसेसरकडे वळून म्हणाला, "सरदार, मी जाऊ?"

बिसेसरनं 'जा' म्हणून हात हलवला. मग विलिसोनी पळाला.

बस अकराला होती. दुसरी गाडी वस्तीत नव्हती. ट्रक निम्मा भरलेला होता. उतरवायला वेळ नव्हता, म्हणून निम्म्या उसासकट निघाला. विलिसोनीनं पोरीला उचलून आणलं, सरोज ड्रायव्हरशेजारी बसली आणि तिनं तिला मांडीवर ताठ धरलं. सतेन आणि विलिसोनी दोन बाजूंच्या पायऱ्यांवर उभे राहिले. बिसेसर वर उसावर चढला. सहासष्ट वर्षांचा माणूस, साखळीला धरून, काळ्या उसावर पालथा. मागच्या काचेतून त्याला शायलच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. प्रत्येक खड्ड्यात ते डोकं हलायचं आणि तो श्वास मोजायचा, आपला की तिचा हे त्याला कळत नव्हतं.

शहराजवळ उसाच्या ट्रकांची रांग लागली होती, मैलभर, पुलापर्यंत. विलिसोनी पायरीवरून उडी मारून पुढं धावला आणि ओरडत सुटला. ड्रायव्हर खाली उतरले, काहींनी ट्रक कडेला नाल्यात घातले. वाट झाली. तरी दवाखान्याच्या दारात पोचायला पावणेअकरा वाजले.

डॉक्टर तरुण होता. त्यानं तोंडात बत्ती टाकली, गळ्याला हात लावला आणि नर्सला हाक मारली ती जरा जास्तच मोठ्यानं. मग सरोजला विचारलं, "किती दिवस?"

"दुखायला लागून तीन आठवडे."

"सगळे दिवस दुखत होतं?"

"नाही. मध्ये थांबलं होतं."

"कधी? कशानं?"

सरोजनं सासऱ्याकडे बघितलं. बिसेसरच्या हातांना, तोंडाला काजळी होती. तो म्हणाला, "मी थांबवलं. यांगोना देऊन."

"तुम्ही नाही थांबवलं, आजोबा," डॉक्टर म्हणाला. तो रागावला नव्हता, घाईत होता. "तुम्ही फक्त बधिर केलं. नंतर आतली नस मेली, म्हणून थांबलं. पू खाली गळ्यात उतरलाय."

"दुधाची दाढ होती, साहेब."

"ही दुधाची नाही. ही सहाव्या वर्षी सगळ्यांत मागं येते, कोणताही दात न पडता येते. म्हणून लोकांना दुधाची वाटते."

तिला आत नेलं. गळ्याला छेद देऊन पू काढला, श्वासासाठी नळी घातली, आणि दाढ काढली. दुपारी एक नर्स दार लोटून बाहेर आली तेव्हा तिच्या हातातल्या स्टीलच्या वाटीत ती दाढ होती. वरून मधोमध काळं भोक, बाकी पांढरी. बिसेसर उठून उभा राहिला.

"सूज असताना काढलीत?"

"सूज होती म्हणूनच काढली," नर्स म्हणाली. "आधीच काढायला हवी होती."

तो खाली बसला. त्या बाकावरून तो मंगळवारी संध्याकाळपर्यंत उठला नाही. सतेननं आणलेला पाव त्यानं कागदासकट हातात धरून ठेवला. मंगळवारी सकाळी ताप जरा उतरला, सरोजला आत सोडलं, आणि बाहेर येऊन ती म्हणाली की शायलनं बोट दाबलं. तेवढ्यावर सगळ्यांनी दिवस काढला. संध्याकाळी विलिसोनी वस्तीतून आला. त्यानं सांगितलं की टोळीनं शेत पूर्ण तोडलं, सगळा ऊस कारखान्यात गेला, काही राहिलं नाही. बिसेसरला आधी समजलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. रात्री पुन्हा ताप चढला. डॉक्टर म्हणाला, विष रक्तात गेलंय.

गुरुवारी तोडणीचा दिवस होता. रामऔतारचं शेत जाळून तयार होतं. तरी सकाळी सात वाजता चौदाही घरची माणसं बिसेसरच्या अंगणात चटयांवर बसली होती, धुतलेले कपडे घालून. विलिसोनीची बायको सेरा फुलमतीला धरून, तिच्या बोलीतला हळहळीचा शब्द, "इसा, इसा" म्हणत रडत होती. तोमासी आईच्या मागं तोंड मिटून उभा होता. लितिआ मॅडम वर्गातली आठ-दहा पोरं घेऊन आल्या होत्या. बिसेसर खांबाला टेकून बसला होता, आणि येणारा प्रत्येक माणूस त्याच्या पायाला हात लावून पुढं जात होता.

सरोज दारात आली. तिनं सगळीकडे बघितलं, जणू माणसं मोजत होती.

"आज तोडणी नाही?" तिनं विचारलं.

शेवटी म्हातारा रामऔतार म्हणाला, "मयत असली की सुट्टी असते, बेटी. ती मागावी लागत नाही. टोळीचा तसा नियमच आहे."

"पाळी जात नाही कोणाची?"

"नाही, बेटी."

"बरं," सरोज म्हणाली आणि आत गेली.

बिसेसरनं त्या अंगणातच सांगितलं की उद्यापासून सरदार दुसरा निवडा. कोणी हो म्हणालं नाही आणि कोणी नाही म्हणालं नाही. विलिसोनी उठला आणि लाकडं आणायला गेला.

सतेन आणि सरोज यांची मुलगी शायल, वय नऊ वर्षं, बुधवारी, १९ सप्टेंबरला, दुपारी सव्वादोन वाजता दवाखान्यात वारली.